अपिलात मुलीची साक्ष पुन्हा होते का, आणि २० वर्षांची शिक्षा कमी होऊ शकते का?

प्रश्न धुळे जिल्ह्यातल्या एका मामांचा आहे. ओळख पटेल असं सगळं काढून इथे देते. भाची घटनेच्या वेळी ११ वर्षांची. घटना २०२२ ची, आरोपी घरी येणं-जाणं असलेला माणूस. विशेष न्यायालयाने पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ६ खाली २० वर्षं सक्तमजुरी आणि दंड ठोठावला. त्याने आता उच्च न्यायालयात अपील दाखल केलंय. मामा विचारतात: गावात लोक म्हणतात वरच्या कोर्टात केस पहिल्यापासून चालते, तर पोरीला परत उभं करतील का? शाळेच्या दाखल्यावरची तारीख खरी नाही म्हणून तो सुटेल, असं त्याचे लोक सांगत फिरताहेत, ते खरं का? शिक्षा अर्धी होते का? आणि तोवर तो जामिनावर गावात येईल का?

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरातली झोप त्यानेच उडालेली असणार. नाही, मुलीला पुन्हा साक्षीला सहसा बोलावत नाहीत. "केस पहिल्यापासून चालते" हे अर्धंच खरं आहे. पुरावा पहिल्यापासून वाचतात, साक्षी पुन्हा घेत नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं औरंगाबाद खंडपीठात जातात. शहराचं नाव बदललं, पण वकिलांच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. (मालेगाव-सटाण्याकडची माणसं अहिराणी बोलत असली तरी त्यांचा जिल्हा नाशिक, त्यामुळे त्यांचं अपील मुंबईला जातं. यावरून दरवेळी कोणीतरी चुकीच्या शहरात वकील गाठतो.) खंडपीठात तुमच्या केसची मूळ फाइल मागवली जाते. तिचं पेपरबुक बनतं: फिर्याद, पंचनामे, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी (बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपासणी (समोरच्या वकिलाचे), निशाण्या पडलेले म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक दिलेले कागद, आरोपीचा जबाब, निकालपत्र. न्यायमूर्ती ते वाचतात, दोन्ही वकिलांना ऐकतात आणि ठरवतात.

अपील न्यायालयाला जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३९१ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३२ मध्ये आहे. पण तो वापरला जातो तो बहुधा एखादा राहून गेलेला दाखला किंवा अहवाल रेकॉर्डवर आणण्यासाठी. मुलीलाच परत बोलवा असा अर्ज आला तर आपल्या बाजूने पोक्सोचं कलम ३३(५) आहे: बालकाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये. फेरसुनावणीचा आदेश देऊन केस खाली परत पाठवणं हेही कायद्यात आहे, पण तशी वेळ यायला खालच्या कोर्टात फार मोठी गफलत झालेली असावी लागते.

आता पुरावा कसा तपासतात ते सांगते. शिक्षेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालयाने "खालच्या कोर्टाचं बरोबर दिसतंय" एवढं म्हणून चालत नाही. त्याने पुरावा स्वतः पारखून स्वतःचं मत बनवलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावलंय. आरोपीचा वकील त्या दिवशी आलाच नाही तरी अपील नुसतं निकालात काढता येत नाही, रेकॉर्ड पाहावंच लागतं. हा नियम बानी सिंग प्रकरणात १९९६ मध्ये पक्का झाला. निर्दोष सुटकेविरुद्धचं अपील वेगळं असतं. तिथे दोन मतं शक्य असतील तर खालच्या कोर्टाच्या मताला हात लावत नाहीत (चंद्रप्पा प्रकरण, २००७). तुमच्या केसमध्ये दोष सिद्ध झालाय, म्हणजे आरोपीच्या वकिलाला निकाल खरोखर कुठे चुकला ते दाखवावं लागणार. त्याने नुसती शंका उपस्थित करून भागत नाही. ती शंका कागदावर तग धरली पाहिजे.

अशा केसचं पेपरबुक हातात आलं की मी निकालपत्र बाजूला ठेवते आणि थेट मुलीच्या साक्षीचं पहिलं पान उघडते. तिथे सरतपासणी सुरू होण्याआधी न्यायाधीशांनी तिला विचारलेले चार-सहा प्रश्न असतात. कितवीत आहेस? शाळेत कोण सोडायला येतं? कोर्टात कशाला आलीस? खरं बोलणं म्हणजे काय? मग न्यायाधीशांची नोंद येते की मुलीला प्रश्न समजतात, ती सुसंगत उत्तरं देते, शपथ द्यावी किंवा देऊ नये. हे पान वरवर साधं दिसतं, पण अपिलात पहिला घाव बहुतेकदा इथेच पडतो. प्रश्नोत्तरं तशीच लिहून ठेवली असतील तर खंडपीठाला मुलगी किती चुणचुणीत होती हे दिसतं. "मुलीला प्रश्न विचारले, ती सक्षम आहे" एवढीच एक ओळ असेल तर समोरचा वकील तेवढ्यावर अर्धा तास बोलतो. साक्ष त्याने बाद होत नाही, पण आपली बाजू मांडायला ताकद जास्त लागते. तुमच्या निकालाच्या प्रती मिळाल्या असतील तर साक्षीची प्रत काढून हे पान बघाच.

बालसाक्षीदाराबद्दल कायदा काय म्हणतो? वयाची किमान अट नाही. समजून उत्तर देता येत असेल तर साक्ष चालते. दत्तू रामराव साखरे या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एकट्या मुलाच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, फक्त ती काळजीपूर्वक पारखावी. पारखायचं म्हणजे मुख्यत्वे एकच पाहायचं: पोराला पढवलंय का? फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर लिहिलं. पढवल्याचा नुसता आरोप पुरत नाही, उलटतपासणीतून तो आधार दिसला पाहिजे. आणि थोडा भाग पढवलेला वाटला तरी बाकीची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती वापरता येते. "काल आईने सांगितलं की घाबरू नको, जे झालं ते सांग" असं मुलीने उलटतपासणीत कबूल केलं, म्हणून तिला पढवलं असं कोणतंही शहाणं खंडपीठ म्हणत नाही.

मग येतात विसंगती. पोलीस जबाबात एक, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या जबाबात दुसरं, कोर्टात तिसरं. वगळलेल्या बाबींची यादी करून समोरचा वकील ती खंडपीठासमोर ठेवणार, हे धरूनच चाला. त्या यादीला घाबरायचं कारण नाही, पण ती वाचायची कशी हे माहीत पाहिजे. भरवाडा भोगिनभाई प्रकरणापासून, म्हणजे १९८३ पासून, नियम असा की मुळाला धक्का न लावणाऱ्या बारीकसारीक फरकांवरून साक्ष फेकून देत नाहीत. वेळ सकाळची की दुपारची, दार लोटलेलं की कडी लावलेली, हे ११ वर्षांच्या मुलीच्या लक्षात दीड-दोन वर्षांनी राहीलच असं नाही. मूळ घटना, माणूस आणि जागा या तिन्ही गोष्टी तिन्ही जबाबांत कायम असतील तर यादी कितीही लांब असो, तिचा फार उपयोग होत नाही.

आपल्या भागात या यादीतला एक मोठा वाटा भाषेमुळे तयार होतो. मुलगी घरी अहिराणी बोलते, नंदुरबारच्या वरच्या पट्ट्यात भिली किंवा पावरी बोलते. जबाब लिहिणारा पोलीस शुद्ध मराठीत, तोही ठाण्यातल्या साच्यातल्या मराठीत लिहितो. सदर इसमाने, तिच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे, वगैरे. ११ वर्षांची पोर असं बोलेल का? मग कोर्टात ती स्वतःच्या शब्दांत सांगते आणि समोरचा वकील म्हणतो, हे तर पोलिसांना सांगितलंच नव्हतं. पोक्सोच्या कलम २६ आणि ३८ मध्ये दुभाष्या घेण्याची सोय आहे, ती आपल्याकडे जितकी वापरली पाहिजे तितकी वापरली जात नाही. अपिलात मी हा मुद्दा मांडते तेव्हा जबाब आणि साक्ष शेजारी-शेजारी ठेवून दाखवते की फरक लिहिणाऱ्याच्या भाषेत आहे, मुलीच्या सांगण्यात नाही. न्यायमूर्ती मराठी असतील तर दोन मिनिटांत पटतं.

पण भाषेचीच दुसरी बाजू आपल्याला अडचणीत आणते, आणि तुमच्या प्रश्नातला शिक्षेचा भाग खरं तर इथे अडकलाय. मुली, त्यांच्या आया, कधी कधी सरकारी वकीलसुद्धा, "वाईट काम केलं" एवढंच म्हणून थांबतात. संकोच असतो, मी समजू शकते. पण पोक्सो कायदा कृत्यागणिक कलम बदलतो. कलम ३ मधली कृत्यं सिद्ध झाली तर शिक्षा कलम ४ किंवा ६ खाली. ती सिद्ध न होता लैंगिक हेतूने स्पर्श केल्याचं सिद्ध झालं तर कलम ८ किंवा १०. मुलगी १६ च्या आतली असेल तर पहिल्या गटात आकडा २० वर्षांपासून सुरू होतो, दुसऱ्या गटात कलम ८ ला ३ ते ५ आणि कलम १० ला ५ ते ७ वर्षं. प्रयत्न असेल तर कलम १८, म्हणजे जास्तीत जास्त निम्मी शिक्षा. म्हणून साक्षीत नेमकं काय आलंय, यावर अपिलातली सगळी लढाई होते. आरोपी पूर्ण सुटतो त्यापेक्षा कलम खाली उतरून शिक्षा घसरते, असं जास्त पाहायला मिळतं. तुम्ही विचारलंत "शिक्षा अर्धी होते का". दया दाखवून होत नाही. कलम बदललं तर अर्ध्याहूनही खाली जाऊ शकते.

त्यामुळे तुमच्या वकिलांना किंवा सरकारी वकिलांना भेटाल तेव्हा वय-बिय नंतर, आधी हे विचारा: मुलीच्या साक्षीत कृत्याचं वर्णन स्पष्ट आलंय का? तिने बाहुलीवर किंवा चित्रावर दाखवलं असेल तर तशी नोंद आहे का? न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबात काय आहे? आणि डॉक्टरांना तिने स्वतः सांगितलेला इतिहास तपासणी अहवालात काय लिहिलाय? घटनेनंतर लगेच डॉक्टरांना सांगितलेली हकिगत साक्षीला मोठा टेका देते.

डॉक्टरांवरून आठवलं. "मेडिकलमध्ये काही आलं नाही" हे वाक्य गावात फार फिरतं. इजा नसणं म्हणजे घटना नसणं, असं कायदा मानत नाही. फिर्याद चार दिवस उशिरा झाली असेल तर शरीरावर खूण मिळण्याची अपेक्षाच ठेवू नये. उशीरही आपोआप संशयाचा होत नाही. इज्जतीच्या भीतीने घरं गप्प बसतात, हे गुरमित सिंग प्रकरणात १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ओळखलंय. दोन बोटांची ती जुनी तपासणी २०१३ मध्ये चुकीची ठरली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तरीही जुन्या साच्यातले अहवाल अधूनमधून फाइलमध्ये सापडतात. त्यातल्या शेऱ्यांवर समोरच्याने काही बांधायचा प्रयत्न केला तर ते तिथेच खोडता येतं.

रासायनिक विश्लेषकाचा अहवाल सकारात्मक असेल तर उत्तम, पण नमुन्यांचा प्रवास सलग दिसला पाहिजे: कधी घेतले, सील कोणी केलं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधी, नाशिकच्या प्रयोगशाळेत कोणत्या शिपायाने नेले. एक दुवा तुटला की अहवालाचं वजन उतरतं. शिवाय हा अहवाल आरोपीला त्याच्या जबाबात समजावून विचारलेला असला पाहिजे. तो प्रश्नच विचारला नसेल तर अपिलात त्याविरुद्ध वापरताना अडचण येते.

आता वय. त्याच्या माणसांनी सगळी मदार यावर ठेवलेली दिसते. दाखल्यावरची तारीख १ जून असणार, बरोबर? आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत कित्येक पोरांचा वाढदिवस १ जूनला येतो. पालकांना तारीख आठवत नाही, ऊसतोडीला किंवा सुरत-बारडोलीकडे कामाला गेलेलं कुटुंब, जन्म घरी झालेला. गुरुजी अंदाजाने वर्ष धरतात आणि १ जून टाकतात. मग खटल्यात मुख्याध्यापक जनरल रजिस्टर घेऊन साक्षीला येतात. सरतपासणीत ते नोंद वाचून दाखवतात. उलटतपासणीत तीन प्रश्न येतात. ही नोंद कोणी केली? "आधीच्या मुख्याध्यापकांनी." कोणत्या कागदावरून? "सांगता येणार नाही." पालकांनी जन्माचा दाखला दिला होता? "रेकॉर्डवर नाही." संपलं. यावर अपिलात सविस्तर युक्तिवाद उभा राहतो.

पीडितेचं वय ठरवायला बाल न्याय कायद्याचीच पद्धत वापरायची, हे जर्नेल सिंग प्रकरणात २०१३ मध्ये ठरलं. सध्याच्या कायद्यात ते कलम ९४: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळा बदलल्याचा दाखला या चौकटीत बसत नाही म्हणून पोक्सोखालची शिक्षा रद्द केली. त्याचे लोक ज्याच्या जोरावर बोलताहेत ते बहुधा हेच.

पण त्या प्रकरणातली मुलगी १८ च्या उंबरठ्यावर होती, आणि डॉक्टरांनी तिचं वय १८ ते २० सांगितलं होतं. तिथे वय डळमळलं की गुन्हाच उरत नाही. तुमची भाची ११ वर्षांची. नोंदीत वर्ष-दोन वर्षांचा घोळ आहे असं धरलं, तरी ती १३ ची होईल, १८ ची होणार नाही. पोक्सोत वयाच्या तीन रेषा आहेत: १२, १६ आणि १८. १२ च्या आतली असेल तर कलम ५ मधला १२ वर्षांखालच्या बालकांबद्दलचा खंड लागतो आणि शिक्षा कलम ६ खाली, किमान २०. ती १२ ते १६ मधली धरली, तर ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४(२) लागतं, तिथेही किमान २०. म्हणजे वयाच्या मुद्द्यावर तो पूर्ण जिंकला, तरी कृत्य सिद्ध असेल तर कलमाचा आकडा बदलेल, वर्षं २० च राहतील. फरक पडेल तो फक्त स्पर्शाच्या गटात: १२ च्या आत असेल तर कलम १०, वर असेल तर कलम ८. म्हणून म्हटलं, आधी कृत्याचं वर्णन बघा. तरीही ग्रामपंचायतीतून जन्मनोंदीचा उतारा आजच काढून ठेवा. अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड असेल तर तेही. जादा पुराव्याचा अर्ज करायची वेळ आली तर कागद हातात असावेत.

कलम २९ चं गृहीतक आपल्या बाजूने आहे: आरोपीनेच गुन्हा केला असं न्यायालय धरून चालेल, उलट त्याने सिद्ध करायचं. हे वाचून कुटुंबांना वाटतं की आता आपल्याला काही सिद्ध करायचंच नाही. तसं नाही. मुलगी १८ च्या आतली होती आणि घटना घडली, एवढा पाया सरकार पक्षाने आधी रचायचा असतो. गृहीतक त्यावर उभं राहतं. पाया भक्कम असेल तर मात्र "भाऊबंदकीच्या वादातून गुंतवलं" असं नुसतं म्हणून आरोपीला सुटता येत नाही. बांधाचा वाद होता तर त्याचा कागद दाखव, असं खंडपीठ विचारतं.

शिक्षेचं गणित थोडक्यात. कायद्याने किमान शिक्षा ठरवली असेल तर तिच्या खाली जायचा अधिकार ना विशेष न्यायालयाला, ना उच्च न्यायालयाला. म्हातारे आई-वडील, लहान मुलं, पहिलाच गुन्हा, ही कारणं किमान आकड्याच्या वर किती द्यायची एवढ्यापुरतीच चालतात. तुमच्या केसमध्ये न्यायाधीशांनी किमान तेवढीच दिलीय, त्यामुळे कलम ६ टिकलं तर त्यात कपातीला जागा नाही. जन्मठेप दिलेली असती तर ती २० वर आणा असा युक्तिवाद झाला असता, आणि अनेकदा तो यशस्वी होतो. तुरुंगात आधी काढलेले दिवस मात्र वजा होतात, ते कायद्यानेच.

घटनेची तारीखही बघायची असते. दुरुस्ती १६ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाली. त्याआधी कलम ६ ची किमान १० वर्षं होती आणि कलम ४ ची ७. घटनेच्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो, संविधानाचं कलम २०(१). छत्तीसगडमधल्या एका प्रकरणात मे २०१९ च्या गुन्ह्याला नव्या तरतुदीची शिक्षा, म्हणजे मरेपर्यंतची जन्मठेप दिली गेली होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून साधी जन्मठेप केली. तुमची घटना २०२२ ची, तिथे ही फट नाही.

शिक्षा वाढते का, हेही कोणीतरी विचारेल. आरोपीच्याच अपिलात, सरकारचं अपील नसताना उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवू नये, असं महाराष्ट्रातल्याच एका पोक्सो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. वाढ हवी तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं. पीडितेच्या घरच्यांना अपिलाचा हक्क आहे, पण तो निर्दोष सुटका, कमी गंभीर कलमाखाली दोषी धरणं किंवा अपुरी भरपाई या तीन बाबतींत. नुसती "शिक्षा कमी पडली" यासाठी नाही.

जाता जाता, नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा तो "कपड्यावरून स्पर्श" निकाल अजूनही लोक मला पाठवतात. तो सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला रद्द केला. त्वचेला त्वचा लागली का, हे पाहायचं नसून लैंगिक हेतू होता का, हे पाहायचं. त्याची चिंता सोडा.

थोडं विषयांतर करते, कारण किमान शिक्षेचं कौतुक करताना मला दुसरी फाइलही दिसते. धडगाव, अक्कलकुव्याकडचा विशीतला पोरगा, सतरा वर्षांची मुलगी, दोघं स्वतःहून पळून गेलेले, समाजाने लग्न मान्य केलेलं, एक मूल झालेलं. प्रसूतीला दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना कळवणं भाग असल्याने गुन्हा नोंदला. गर्भधारणा झाली म्हणून कलम ६, म्हणजे तुमच्या भाचीच्या गुन्हेगाराला जी २० वर्षं तीच याला. १८ च्या आत संमतीला कायद्यात किंमत नाही, आणि उच्च न्यायालयाचे हात किमान शिक्षेने बांधलेले. पश्चिम बंगालच्या अशा प्रकरणात उच्च न्यायालयाने सोडून दिलेल्या आरोपीची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा लागू केली आणि मे २०२५ मध्ये संविधानाच्या कलम १४२ चा खास अधिकार वापरून त्याला तुरुंगात पाठवलं नाही. तो अधिकार फक्त त्याच न्यायालयाला आहे. माझ्या मते ११ वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार आणि हे एकाच तराजूत तोलणं चूक आहे, पण ते संसदेने पाहायचं. मुद्दाम सांगितलं, कारण अशा प्रकरणांतले सवलतीचे निकाल समोरचा वकील तुमच्या केसमध्ये दाखवेल. ते इथे लागू होत नाहीत.

जामिनाचं. अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन द्या, असा अर्ज तो करणारच. जुन्या संहितेचं कलम ३८९, नव्या संहितेचं ४३०. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सरकारला लेखी विरोधाची संधी द्यावी लागते. या टप्प्यावर पुरावा नव्याने चाळायचा नसतो. निकालात वरवर पाहताच दिसणारी मोठी चूक आहे का, एवढंच बघतात. ११ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २० वर्षांची शिक्षा असताना पहिल्या अर्जाला सहसा यश येत नाही. पुढे शिक्षेचा बराच भाग भोगून झाला आणि अपील सुनावणीला लागत नसेल तर चित्र बदलू शकतं, म्हणून अपील लवकर चालावं यात तुमचाही फायदा आहे.

अशा अर्जात तुम्हाला ऐकून घेतलं पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोक्सोच्या प्रकरणांत पीडितेच्या बाजूला नोटीस देण्याबाबत निर्देश दिले आहेत, आणि २०२२ मध्ये लखीमपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडिताचा प्रत्येक टप्प्यावर ऐकलं जाण्याचा हक्क मान्य केला. नोटीस घेऊन पोलीस घरी येतात तेव्हा बरीच कुटुंबं घाबरून सही करतात आणि कागद फळीवर ठेवून देतात. तसं करू नका. औरंगाबादला उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे, ती तुम्हाला मोफत वकील देते. मुलीला न्यायची गरज नाही, तिची आई किंवा तुम्ही गेलात तरी चालतं. वकीलपत्रावर आणि अर्जावर मुलीचं नाव उघड येणार नाही हे वकिलांकडून बघून घ्या. आणि निकालपत्राचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, घरच्यांनी केला तरी.

जामीन मिळालाच तर अटी मागता येतात: गावात यायचं नाही, तालुक्यात राहायचं नाही, कुटुंबाशी संपर्क नाही. अट मोडली की जामीन रद्द करायचा अर्ज.

याच काळात तुमच्याकडे माणसं येतील. "झालं ते झालं, पोरीचं पुढे लग्न व्हायचंय, प्रतिज्ञापत्र करून द्या, खर्च आम्ही देतो." गावातले चार वजनदार पंच सोबत असतील, कदाचित तुमचेच व्याही असतील. अपिलाच्या टप्प्यावर केलेल्या अशा प्रतिज्ञापत्राने दोषसिद्धी पुसली जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असे गुन्हे तडजोडीने मिटत नाहीत. मग ते प्रतिज्ञापत्र कशाला मागतात? जामिनाच्या अर्जाला जोडायला. तिथे ते वातावरण बनवायला उपयोगी पडतं आणि मुलीच्या खरेपणावर डाग पाडतं. कोणी आलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. जामिनाला विरोध करताना तो कागद कोणत्याही भाषणापेक्षा जास्त चालतो.

केसचा सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या संगणकातला त्या केसचा ओळख क्रमांक) निकालपत्राच्या पहिल्या पानावर असतो. अपिलाचा क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. दर तारखेला एसटीने औरंगाबाद गाठायची गरज नाही.

शेवटी पैशांचं, जे तुम्ही विचारलं नाहीत. निकालात दंडाची रक्कम मुलीला द्यावी असं लिहिलं असेल, तरी अपील निकाली निघेपर्यंत ती हातात येत नाही; कायद्यातच तसं आहे. पण पोक्सोखालची शासनाची भरपाई आणि मनोधैर्य योजनेची मदत ही वेगळी, ती आरोपीच्या खिशातून येत नाही आणि अपिलामुळे थांबत नाही. निकालात भरपाईची शिफारस आहे का बघा. नसेल तरी निकालाची प्रत, फिर्यादीची प्रत, मुलीचं आणि आईचं आधार, मुलीच्या नावाचं बँक पासबुक घेऊन धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. आधी काही रक्कम मिळाली असेल तर त्याचं पत्रही जोडा, म्हणजे उरलेल्या रकमेचा हिशेब तिथेच होईल.